सारवलेल्या भिंती

ही गोष्ट २०५८ सालची. त्या सालचा उन्हाळा ज्यांनी पाहिला, त्यांना तो अजून आठवतो. काजूची बोंडं झाडावरच सुकली होती, विहिरी लवकर तळाला गेल्या होत्या आणि सड्यांवरचं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारांवरचं, गवत इतकं वाळलं होतं की त्यातून चालताना पायाखाली कुरकुर आवाज यायचा.

कुडाळच्या वनस्पतिज पदार्थ प्रयोगशाळेत तळमजल्याला एक ज्वालाकक्ष होता. तिथे डॉ. इब्राहिम परकार बसत. वय साठीचं. आगीशी आयुष्य काढल्यामुळे एक भुवई कायमची अर्धी. त्या सकाळी त्यांनी काचेचा पडदा ओढला, चिमट्यात धरलेल्या पिवळसर तुकड्याखाली बर्नरची निळी ज्योत आणली आणि सवयीनं तोंडातल्या तोंडात आकडे म्हणू लागले. त्यांचे आकडे एरवी बरेच लांबायचे, मधेच चहासुद्धा यायचा. त्या दिवशी मात्र तुकडा बघता बघता भसकन पेटला. परकारांनी ज्योत बाजूला केली, तरी तो जळतच राहिला.

"केतकीबाई, हा कोणाचा माल उचलून आणलात? स्वस्तातला दिसतोय."

"आपलाच आहे," केतकी म्हणाली.

"सकाळी सकाळी चेष्टा नको."

"करलवाडीच्या वसाहतीतला आहे. माझ्या आतेच्या घराच्या भिंतीचा."

परकारांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. तुकड्याची तोवर राख झाली होती.

डॉ. केतकी खवणेकर ही त्या फेनपाटीची आई, असं प्रयोगशाळेत म्हणत. फेनपाटी म्हणजे पॉलियुरेथेनचा कडक फेस भरलेली, लहान खोलीच्या भिंतीएवढी रुंद, एका माणसाला उचलता येईल अशी हलकी पाटी. शीतगृहांच्या भिंतींत असा फेस जुन्या काळापासून वापरत होते, पण तो खनिज तेलातून यायचा. केतकीनं तो काजूच्या टरफलातल्या तेलापासून केला. त्याची घरं करता येत आणि बाहेर आग ओकणारं ऊन असलं तरी आत माठाजवळ बसल्यासारखं गार वाटे. भीती एकच होती. फेस तेलाचा, त्यात हवेचे बुडबुडे, तेव्हा पेटला तर गवताच्या गंजीसारखा पेटणार. त्यावरचा उतारा हेच केतकीचं खरं काम होतं, आणि तो तिला भाताच्या कोंड्यात सापडला. त्याला तिनं बीजाम्ल असं नाव दिलं.

पाहुणे आले की ती समजावून सांगायची, "प्रत्येक बी आपल्या अंकुरासाठी शिदोरी बांधून ठेवतं. फॉस्फरस, शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात, ते या शिदोरीत असतं, बीजाम्लाच्या कुलपात बंद. ते आम्ही फेसात गुंफलं. धग लागली की कुलूप फुटतं, स्फुरद सुटतं आणि फेसाच्या वरच्या थराचा कोळसा करून टाकतं. कोळशाची साल एकदा धरली की आतल्या फेसाला आग पोचत नाही. आम्ही आग विझवत नाही, तिच्या तोंडावर दार लावून घेतो."

हे दार वसाहतीच्या भिंतीत उरलं नव्हतं, एवढं आता तिला कळलं होतं. का उरलं नव्हतं, ते कळत नव्हतं.

आदल्या दिवशी ती आतेकडे गेली होती. वैजूआते पंचाहत्तरीची, बिनलग्नाची, सगळा जन्म बालवाडीत मुलांना गाणी शिकवण्यात गेलेली. गवंड्यानं नवा नळ घ्यायला भिंतीला भोक पाडलं होतं आणि कापून काढलेली चकती अंगणात पडली होती. आतेनं तिचे दोन तुकडे केले आणि एक सहज पाणी तापवायच्या चुलीत टाकला. चूल अशी भडकली की आते दोन पावलं मागे सरली.

"अगो, ह्या काय झाला? तुझी भिंत पेटणा नाय म्हणी होतंस मा?"

दुसरा तुकडा केतकीनं हिसकून घेतला आणि ओढणीच्या टोकाला बांधला. रात्रभर तिला झोप लागली नाही.

जाळण्याआधी कापून ठेवलेल्या अर्ध्या तुकड्याच्या पृथक्करणाचा निकाल दुपारपर्यंत आला. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, चांगला चार बोटं खोल, स्फुरद जवळजवळ शिल्लक नव्हतं. आतल्या अंगाला मात्र जिथल्या तिथे होतं.

"पावसानं धुतलं," परकार म्हणाले.

"धुतलं जाणार नाही. आर्द्रकक्षात आपण दहा पावसाळ्यांएवढं पाणी ओतलं होतं. काही झालं नव्हतं."

"ते पाणी कसलं होतं?"

"शुद्ध. ऊर्ध्वपातित."

"हवा?"

"गाळलेली." एवढं बोलून केतकी थांबली. "परकारसाहेब, तुम्ही मुगाला मोड कधी आणलेत?"

"बायको आणते. मी उसळ खातो."

"मूग कोरडे ठेवले तर वर्ष वर्ष तसेच राहतात. भिजवून फडक्यात बांधले की बीजाम्लाचं कुलूप उघडतं. त्याची किल्ली बियातच असते, आणि ओल लागली की ती फिरते. आपण किल्ली काढून टाकली, नुसतं कुलूप घेतलं. पण तीच किल्ली आणखी कोणाकडे असते ठाऊक आहे? बुरशीकडे. मातीतल्या जिवाणूंकडे. गुरांच्या पोटातल्या जिवाणूंकडे तर जुडगेच्या जुडगे."

परकारांची अर्धी भुवई वर चढली. "शेण," ते म्हणाले.

केतकी स्टुलावर बसली.

सारवणाची कल्पना तिचीच होती. समुद्र वर चढला आणि जुनी करलवाडी घेऊन गेला, तेव्हा वर सड्यावर ही वसाहत बांधली. माणसं घरं बघायला आली आणि नाकं मुरडून उभी राहिली. तांडेलांची रेश्मा तोंडावर म्हणाली होती, "खोक्यात बांगडे ठेवतत, तशी आमका ठेवतलात काय?" गुळगुळीत, पांढरी, बिनवासाची घरं. तेव्हा केतकीला लहानपण आठवलं होतं. तुळशीच्या लग्नाआधी आते पदर खोचून बसायची, शेणमाती कालवायची, आणि केतकीच्या चिमुकल्या पंजाची नक्षी ओल्या भिंतीवर उठवून घ्यायची. तो वास आला की घर घर वाटायचं. फेनपाटीच्या तुकतुकीत सालीवर सारवण ठरत नव्हतं, म्हणून केतकीनंच सांगितलं की बाहेरची साल करवंटीनं खरवडून घ्या. सारवलेल्या पाटीची ज्वालापरीक्षाही झाली होती, आणि ताज्या मातीच्या लेपामुळे ती पाटी साध्या पाटीपेक्षाही चांगली उतरली होती. परकारांनी तेव्हा पेढे मागितले होते. मग बायका दर सणाला सारवू लागल्या. साल खरवडल्यामुळे फेसाचे बुडबुडे उघडे पडले होते. त्यात शेण शिरलं, पावसाळ्यात शेणात बुरशी शिरली आणि चार महिने ओल्या भिंतीत ती निवांत कुलपं उघडत बसली.

"सुटलेलं स्फुरद गेलं कुठे?" परकारांनी विचारलं.

केतकीच्या डोळ्यांपुढे आतेचं अंगण उभं राहिलं. भिंतीच्या पायाशी अबोली इतकी माजली होती की पानं दिसत नव्हती. सड्याची ती जांभी माती जन्मजात स्फुरदाची भुकेली, तिच्यात एरवी कुसळ रुजत नाही. तरी वसाहतीत घरोघरी भिंतीला लागून पडवळ, दुधी, झेंडू यांची नुसती झुंबड होती. येणारेजाणारे कौतुक करत. एका वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर त्या बागांचं छायाचित्रही छापलं होतं.

"गेलं कुठे ते सगळ्यांनी पाहिलंय," ती म्हणाली. "आपण त्याला बाग म्हणत होतो."

पुनर्वसन अधिकारी निंबाळकर सज्जन गृहस्थ. पडद्यावर त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, या पाट्यांच्या प्रमाणपत्रावर सही तुमचीच आहे ना?"

"माझीच. म्हणून तर सांगतेय."

"एका चकतीवरून मी सगळी वसाहत रिकामी करू? लोकांना न्यायचं कुठे? पावसाळा झाला की रीतसर तपासणी लावू."

"पावसाळ्याआधी भाजावळ असते, साहेब."

निंबाळकर घाटावरचे. त्यांना सांगावं लागलं. भाताची रोपं काढायची ती जागा आधी पालापाचोळा, गवत आणि शेणी अंथरून भाजून घेतात. त्या दिवसांत कोकणात जिकडे बघाल तिकडे धुराच्या रेघा असतात. एखादी ठिणगी वाऱ्यावर बसून सड्यावर गेली की झालं.

"दरवर्षी होते ना भाजावळ? मग?"

"आजवर भिंतीत थोडं तरी स्फुरद शिल्लक होतं. आता नाही."

निंबाळकरांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि वरिष्ठांच्या कानावर घालतो असं म्हणून पडदा बंद केला.

परकारांनी गाडीची किल्ली उचलली. "चला. तुमच्या आतेच्या हातचा चहा पिऊ."

वसाहतीला एकच रस्ता होता, काजूच्या उतारावरून वळणं घेत वर जाणारा. वर सपाट सडा आणि पलीकडे कडा, त्याखाली समुद्र. खालच्या खलाटीत, सखल भातशेतांत, चारदोन ठिकाणी धूर दिसत होता. केतकीनं गाडीची काच खाली केली. वारा खालून वर येत होता.

वसाहत हिरवीगार होती. एवढ्या उन्हात तिच्याकडे पाहून डोळे निवावेत अशी. केतकी मात्र एकेका भिंतीचा पाया बघत चालली.

सगळ्या रांगेत एकच घर उघडंबोडकं होतं, शेवटचं, कड्याच्या बाजूला सुटं पडलेलं. भिंती पांढऱ्या, पाट्यांची साल जशीच्या तशी, अंगणात नुसता जांभा. ते दिगंबर पराडकराचं. ट्रॉलरवर इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. बायका त्याला आळशांचा राजा म्हणत.

वसाहतीच्या मांडवात माणसं जमली. तरणीताठी कामावर किंवा दर्यावर गेलेली, घरात होती ती म्हातारी, बाया आणि पोरं. केतकीनं सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, काहीही न लपवता. दोन महिने खाली शाळेत चला, मी सोय करते, म्हणाली.

मग रेश्मा तांडेल उठली.

"समुद्रान एकदा घराभायर काढल्यान. आता तू काढतलंस?"

"रेश्माताई, भिंती पेटतील."

"तूच सांगितलंस पेटणत नाय. तूच सांगितलंस खरवडा. तूच सांगितलंस सारवा. आता सांगतंस घर सोडा. उद्या काय सांगतलंस, कड्यावरसून उडये मारा?"

लोक हसले. त्या हसण्यात राग होता.

"गो, तिका बोलूक तरी देवा," वैजूआते म्हणाली.

"तुझी भाची म्हणान तू बोलतलंसच!"

"आणि ह्या दिगूच्या घराचा काय?" मागून कोणी ओरडलं. "तेच्या दारात गवताची काडी नाय. म्हणजे तो शाणो आणि आमी येडे?"

दिगू खांबाला टेकून उभा होता. "मी शाणो नाय बाबा. चाळीस वर्सा दर्यार काढलंय. शेणाचो वास इलो काय माका वांती येता. म्हणान सारवणंय नाय."

"न्हातंस तरी काय?" रेश्मानं विचारलं, आणि या वेळी सगळे मोकळेपणानं हसले. दिगूसुद्धा हसला. वैजूआते तेवढी हसली नाही. ती पदराचं टोक पिळत बसली होती.

त्या हशातच परकारांनी मान वर केली. त्यांचं नाक आयुष्यभर धूर हुंगण्याच्या एकाच कामावर ठेवलेलं. ते मांडवाबाहेर गेले आणि परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"गाडी काढण्यात अर्थ नाही. उतार पेटलाय."

काजूच्या रानातून धुराची भिंत वर येत होती. तिच्या पोटात नारिंगी जिभा लवलवत होत्या. खालच्या खलाटीतली कुठली तरी भाजावळ बांध ओलांडून गेली होती. रस्ता दिसेनासा झाला. सड्यावरचं गवत आगीच्या आधी वाऱ्यानंच आडवं होत होतं.

"घरात जावा! दारा लावा!" कोणीतरी ओरडलं, आणि माणसं आपापल्या घरांकडे धावू लागली. घर म्हटलं की माणूस धावतोच.

"नको!" केतकी किंचाळली. "घरात नको! दिगूकाकांकडे! सगळे दिगूकाकांकडे!"

माणसं थबकली.

"तिथे भिंतीला कोणी हात लावलेला नाही! तिथे काही रुजत नाही, म्हणजे स्फुरद भिंतीतच आहे! चला!"

हे तिनं ओरडून सांगितलं खरं, पण तिच्या हाती पुरावा एवढाच होता, ओसाड अंगण. तुकडा काढून जाळून बघायला वेळ नव्हता. रेश्मा अजून आपल्या दाराशी उभी होती, आत जावं की न जावं करत. तेवढ्यात एक ठिणगी उडत आली आणि उताराकडच्या टोकाच्या घराच्या सारवणाच्या भेगेत शिरली. क्षणभर काहीच झालं नाही. मग वेलामागून भिंत आतून उजळली, कंदिलात वात मोठी करावी तशी, आणि भसकन आवाज झाला. रेश्मानं शेजारची दोन पोरं काखेत मारली आणि दिगूच्या घराकडे धूम ठोकली. तिच्यामागे सगळी वसाहत.

घर लहान. माणसं एकमेकांच्या पायांवर उभी. परकारांनी माठ उलटे करून चादरी भिजवल्या आणि दारखिडक्यांच्या फटींत कोंबायला लावल्या. "आगीआधी या फेसाचा धूर मारतो," ते केतकीच्या कानात म्हणाले. "शेजारच्या घरांचा येईल. पोरांना खाली बसवा."

केतकी मान डोलावत होती, तेवढ्यात वैजूआतेनं तिचा दंड धरला. आतेचा चेहरा धुरानं नव्हे, दुसऱ्याच कशानं तरी उतरला होता.

"केतकी, मागची भिंत..."

"काय मागची भिंत?"

"मागची भिंत मी सारवलंय."

केतकीला आधी कळेचना. "कधी?"

"दरवर्सा. दिगू बाजाराक जाय, तेव्हा येय. साल करवंटीन काढलंय. सैपाकघराची भिंत गो, उन्हान तापता, माणूस एकटो... माका वाटला, कोणी बघणा नाय, मागल्या बाजूक कोण जाता?" आतेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "माझ्या हातान सगळ्यांचा..."

आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. मग दिगू पराडकर हळूच म्हणाला, "तरीच! मी म्हणतंय, माझ्या मागल्या दारी दुधीचो वेल रुजलो कसो!"

"वैजूबाय, ह्या कधीपासून?" रेश्मानं डोळे मोठे करून विचारलं.

"मेल्यानो, आता ह्या इचारूची येळ आसा?" आते रडता रडता ओरडली.

केतकी स्वयंपाकघराकडे धावली. ती भिंत कड्याच्या बाजूला होती. आग अजून तिकडे वळली नव्हती, पण वळणारच होती. बाहेर भिंतीच्या पायाशी दुधी लगडलेला. चार बोटं खोल, जास्तच असेल. ही एक भिंत पेटली की घर म्हणजे भट्टी. तिची नजर भिरभिरली आणि मधल्या भिंतीवर थांबली. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधली पाटी, त्याच साच्यातली, त्याच मापाची, कधी न खरवडलेली, पाऊस न पाहिलेली.

"काका, मागची पाटी खोबणीतून काढून ही मधली तिथे..."

दिगूनं प्रश्न पुरा होऊ दिला नाही. फेनपाट्या वर उचलून सरकवल्या की निघत, म्हणून तर त्या डोक्यावरून सड्यावर चढवता आल्या होत्या. त्यानं पहार घातली. परकार आणि रेश्मा दोन बाजूंना लागले. सारवलेली भिंत उचकटून निघाली आणि तिच्या जागी धगधगतं पांढरं ऊन आणि धूर आत आला. पोरं किंचाळली. "कड्यावरसून टाका!" दिगू ओरडला. रेश्मानं ती पाटी वेलासकट ओढत नेली आणि खाली लोटून दिली. तोवर मधली पाटी निघाली होती. ती खोबणीत बसताना एका कोपऱ्याला अडली. दिगूनं खांदा लावला, परकारांनी खांदा लावला, केतकीनं दोन्ही हात लावले. पाटी बसली. रेश्मा खिडकीतून आत पडली आणि आतेनं भिजलेली चादर पुन्हा फटीत कोंबली.

मग आग आली.

बाहेरून आवाज आला तो निखाऱ्यावर पापड टाकावा तसा. भिंतीची बाहेरची बाजू फुगत होती, करपत होती, साल धरत होती. निदान केतकीला तसं वाटत होतं. दिसत काहीच नव्हतं. तिनं बदललेल्या पाटीवर तळहात ठेवला. आतून ती कोमट होती. तिनं हात काढला नाही. भिंत तापायला लागली तर आपल्याला आधी कळावं, एवढंच तिच्या मनात होतं. शेजारची घरं एकेक करून भसकन जात होती, आणि प्रत्येक आवाजाबरोबर आत कोणीतरी एक नाव उच्चारत होतं, कुबलांचं, मयेकरांचं, आमचं. आते गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तिच्या शेजारी दिगू बसला. आपला ओला पंचा त्यानं तिच्या नाकाशी धरला.

पाटी कोमटच राहिली.

दार उघडलं तेव्हा सड्यावर काळ्या चौथऱ्यांची रांग होती. दिगूचं घर तेवढं उभं होतं, बाहेरून डांबरासारखं काळं आणि फुगीर, ढेकूळ ढेकूळ. परकारांनी नखानं कोळशाची साल खरवडली. खाली पिवळाधमक फेस होता. त्यांनी त्यावर गाल टेकवला.

त्या दिवशी माणूस एकही गेला नाही.

पुढे निंबाळकरसाहेबांची बदली झाली. जाण्यापूर्वी त्यांनी किनाऱ्यावरच्या सगळ्या वसाहतींना अंगणपाहणीचा आदेश काढला. ज्या घराच्या भिंतीखाली हिरवळ जास्त, ते घर आधी रिकामं करायचं. बरीच वर्षं सरकारी माणसं उन्हाळ्यात गावोगाव फुलं शोधत हिंडत आणि लोक त्यांना पाहून घाईघाईनं झेंडू उपटून टाकत. मग त्यांना समजवावं लागे की झेंडू उपटून काही होत नाही, भिंत बदलावी लागते.

डॉ. परकार निवृत्त होऊन रत्नागिरीजवळ आपल्या गावी गेले आणि तिथेच वारले. शेवटपर्यंत प्रत्येक पाहुण्याला ते सांगत, "मी हजारो वस्तू जाळून पाहिल्या, पण प्रेमानं पातळ झालेली भिंत एकच पाहिली."

रेश्मा तांडेल नव्या वसाहतीची सरपंच झाली. जुन्या कड्यावर गेली की ती वाकून खाली बघे. तिनं टाकलेली पाटी कड्याच्या ज्या कपारीत अडकली तिथे पुढे दुधीचं रान माजलं होतं.

दिगू आणि वैजूआते यांनी लग्न केलं नाही. या वयात लोकांना आयतं हसू कशाला, असं आते म्हणाली. लोक तरीही हसले. घरं मात्र त्यांनी शेजारीशेजारी मागून घेतली आणि दोघं दुपारचा चहा एकत्र घेऊ लागली. पहिल्याच दिवशी दिगूनं तिच्या देखत आपल्या मागल्या भिंतीवर कोळशानं मोठी फुली मारली होती. "हात लावूचो नाय," म्हणाला. आतेनं शपथ घेतली आणि आयुष्यभर पाळली. हौस राहवत नसे तेव्हा ती भिंतीपासून लांब अंगणातली जमीन सारवी आणि दिगू नाकाला पंचा लावून बसे.

केतकीनं बीजाम्ल सोडलं. पुढची सात-आठ वर्षं खपून तिनं स्फुरद फेसाच्या साखळीतच कडी म्हणून गुंफलं, कुलूपच ठेवलं नाही. तिच्या नव्या पाट्या आजही वापरात आहेत. त्यांच्या चाचण्या शुद्ध पाण्यात होत नाहीत. आर्द्रकक्षात पहिल्या दिवशी शेण जातं.

एवढं करूनही तिची धास्ती गेली नाही. बहरलेलं अंगण दिसलं की ती पायऱ्यांवर थांबे, वाकून भिंतीचा पाया बघे आणि मगच घरात जाई. दर उन्हाळ्यात भाजावळीच्या आधी ती आतेकडे जायची. शेवटच्या खेपेला गेली तेव्हा आते पार थकली होती. दारातल्या अबोलीकडे बोट दाखवून कुरकुरली, "बघ गो, पाणी घालून घालून हात मोडले. दोन फुला इली. केसात माळूक एक वळेसर होणा नाय."

केतकी खाली बसली. भिंतीलगतच्या त्या किरट्या, पिवळट रोपाची पानं तिनं बोटांनी उलटून पाहिली. फुलं खरंच दोनच होती.

"छान आहेत," ती म्हणाली, आणि त्या रात्री आतेच्या घरी तिला गाढ झोप लागली.